एक्सटीएक्स५०: खाऱ्या पाण्यातून वर आल्यावर हा रेग्युलेटर कसा वागतो

एपेक्स ही इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नची कंपनी. तिकडचं पाणी थंड, म्हणून तिच्या एक्सटीएक्स५० या रेग्युलेटरची (सिलिंडरमधली हवा श्वास घेता येईल अशा दाबावर आणून देणारं यंत्र) कीर्तीही थंड पाण्यातली. १० अंशांच्या खाली फर्स्ट स्टेजवर (सिलिंडरला जोडायचा भाग) बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि हवा थांबता थांबत नाही. ते टाळण्यासाठी या रेग्युलेटरची फर्स्ट स्टेज बंदिस्त केलेली आहे. मालवण, गोव्याचं ग्रँड आयलंड, मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी इथलं पाणी २६ ते ३० अंशांच्या आसपास असतं. बर्फाचा प्रश्नच येत नाही. मग आपल्याकडच्या डाइव्हरने या बंदिस्तपणाचे पैसे का मोजावेत? रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर धुण्याच्या टबापाशी मिळतं.

श्वास कसा येतो ते आधी उरकून टाकू. सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) हवेच्या दाबाने संतुलित आहे, बाजूला श्वासाचा जोर कमी-जास्त करायची गुंडी आहे आणि फुकट हवा सुटू नये म्हणून अधिक-उणे खुणांची व्हेंचुरी कळ आहे. युरोपच्या ईएन २५० मानकात ५० मीटरवर मिनिटाला ६२.५ लिटर हवा ओढून लिटरमागे ३ ज्यूलपेक्षा कमी श्रम पडावेत अशी अट आहे. त्या कसोटीचा रेग्युलेटर ३० मीटरच्या डाइव्हला कधीच कमी पडत नाही. या किमतीचे सगळेच रेग्युलेटर चांगला श्वास देतात. फरक पडतो तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आणि तो कसा पडेल हे बऱ्याच अंशी ठरतं डाइव्ह संपल्यानंतरच्या तासाभरात.

खारं पाणी रेग्युलेटरच्या आत शिरायच्या वाटा तीन. पहिली, फर्स्ट स्टेजमधली मोठ्या स्प्रिंगची कोठडी. दुसरी, सिलिंडरला जोडतो तिथलं तोंड. तिसरी, सेकंड स्टेजची झडप आणि तिथून उलटा मागे जाणारा होज. एक्सटीएक्स५० यांतली पहिली वाट बंद करून देतो. उरलेल्या दोन तुम्हालाच सांभाळायच्या आहेत. "सील्ड आहे, धुवायची गरज नाही" असं दुकानात सांगितलं जातं, ते पहिल्या वाटेपुरतंसुद्धा पूर्ण खरं नाही.

पहिली वाट आधी बघू, कारण पैसे तिचेच आहेत. फर्स्ट स्टेजचं काम सिलिंडरमधला २०० बारचा दाब ९ ते १० बारवर आणण्याचं, म्हणजे साधारण १३० ते १४५ पीएसआय, आणि तोही भोवतालच्या पाण्याच्या दाबाच्या वर. त्यासाठी तिला बाहेरच्या पाण्याचा दाब सतत जाणवत राहावा लागतो. साध्या पिस्टनच्या फर्स्ट स्टेजमध्ये पाणी भोकांतून थेट आत येतं आणि स्प्रिंगभोवती फिरतं. तिथेच गाळ बसतो, तिथेच मीठ सुकतं. एक्सटीएक्स५०बरोबर येणाऱ्या डीएस४ किंवा डीएसटी या फर्स्ट स्टेजमध्ये या कोठडीच्या तोंडावर आणखी एक सिलिकॉनचा पडदा असतो. पाणी त्या पडद्यावर दाबतं, पडदा आतल्या दट्ट्यावर, आणि दट्ट्या मुख्य पडद्यावर. पाणी स्वतः आत येत नाही. बाहेरचा पडदा आतल्यापेक्षा मोठा असल्यामुळे खोल जाल तसा आतला दाब पाण्याच्या दाबापेक्षा किंचित जास्तच वाढतो. यालाच कंपनी ओव्हरबॅलन्स्ड म्हणते.

मालवणच्या किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात, भरतीच्या ओढीने तळ ढवळला की बारीक गाळ पाण्यात दुधासारखा पसरतो. पिस्टनच्या फर्स्ट स्टेजमध्ये हा गाळ ग्रीसला चिकटून पिस्टनच्या ओ-रिंगवर (सांधा बंद ठेवणारं रबरी कडं) सहाणेसारखं काम करतो. कोरडी कोठडी इथे मोलाची. डाइव्ह सेंटरवर दिवसाला चार-पाच डाइव्ह करणाऱ्या सेटसाठी तर आमचं मत ठाम आहे: उथळ, गाळाच्या, खाऱ्या पाण्यात बंदिस्त पडद्याची फर्स्ट स्टेजच घ्यावी.

पण त्या बाहेरच्या पडद्याला जपावं लागतं. तो फर्स्ट स्टेजच्या टोकाला उघडाच दिसतो. त्यात अडकलेली वाळू काडीने, सुईने, नखाने काढायची नाही. पाण्याच्या हलक्या धारेने काढायची. बारीकसं छिद्र पडलं तर बाहेरून काही कळत नाही, पाणी मात्र कोठडीत जाऊन बसतं आणि बंद खोलीत स्प्रिंग गंजत राहते. उघडी कोठडी निदान धुता येते. बंद कोठडीत शिरलेलं पाणी सर्व्हिसपर्यंत तिथेच राहतं. उलट, सिलिंडर उघडल्यावर हा पडदा बाहेर फुगलेला दिसला तर आतला मुख्य पडदा गळतो आहे असं समजा आणि तो सेट त्या दिवशी वापरू नका.

दुसरी वाट म्हणजे सिलिंडरला जोडायचं तोंड. रेग्युलेटर बिघडतात ते सर्वांत जास्त इथून. फिल्टर म्हणजे ब्राँझच्या कणांची दाबून केलेली छोटी टोपी किंवा चकती. तिच्यामागे लगेच हाय प्रेशर सीट, म्हणजे झडप मिटते ती मऊ बैठक. तिथे खाऱ्या पाण्याचा एक थेंब गेला आणि सुकला की मिठाचा कण मागे राहतो. पुढच्या वेळी झडप मिटते तेव्हा तो कण सीटच्या मऊ प्लास्टिकमध्ये रुततो आणि खाच पाडतो. मग झडप पूर्ण मिटत नाही, मधला दाब (तो ९ ते १० बारचा) हळूहळू चढत जातो आणि शेवटी सेकंड स्टेज शांत पाण्यातही फुसफुसायला लागते. लोक सेकंड स्टेज दुरुस्तीला देतात. दुखणं असतं फर्स्ट स्टेजमध्ये.

ही वाट सांभाळायची ती बोटीवरच, टबापाशी पोचण्याआधी. सिलिंडर बंद करा, पर्ज (सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटण) दाबून दाब शून्यावर आणा, गेजचा काटा बघा. यूक (व्हॉल्व्हला धरून ठेवणारी स्क्रूची चौकट) ढिली करण्याआधी फर्स्ट स्टेजच्या आणि व्हॉल्व्हच्या सांध्यावरचं पाणी फडक्याने टिपून घ्या, नाहीतर काढताना तेच पाणी ओघळून फिल्टरवर येतं. मग डस्ट कॅप (या तोंडावर बसवायची टोपी) आतून कोरडी पुसा आणि लावा. सिलिंडरचा व्हॉल्व्ह फुर्रकन उघडून कॅपवर हवा मारायची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे. ती सोडावी. शेजारच्याचे कान किटतात हे एक, आणि कॅपवरचं पाणी उडून पुन्हा फिल्टरच्या तोंडावर बसतं हे दुसरं. सुकं सुती फडकं पुरतं. बोटीवर ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्या.

कॅपची ओ-रिंग किंवा रबरी गादी चिरली असेल तर ती कॅप टब-बादलीसाठी निरुपयोगी आहे. धूळ अडवेल, पाणी नाही. यूक हाताने घट्ट होईपर्यंत आवळा. डिन (यूकऐवजी आट्यांनी बसणारा) जोड घेतला असेल तर आट्यांची टोपी पूर्ण फिरवा आणि तिच्या आत ओ-रिंग आहे का ते पाहा. स्वस्त प्लास्टिकच्या टोप्यांत ती नसते. आपल्याकडच्या भाड्याच्या सिलिंडरवर बहुतेक ठिकाणी यूकचाच व्हॉल्व्ह मिळतो, म्हणून डिन घेणाऱ्याने अडॅप्टर जवळ बाळगावा आणि तोही धुवावा. अडॅप्टर विसरला जातो आणि त्याच्या आट्या हिरव्या होतात.

एक्वालंगच्या काही मॉडेलांमध्ये, उदाहरणार्थ टायटन एलएक्समध्ये, रेग्युलेटर सिलिंडरवरून काढला की तोंड आपोआप मिटवणारी एसीडी नावाची योजना असते. विसरभोळ्या माणसासाठी ती खरोखर उपयोगी आहे. एपेक्समध्ये ती नाही. हा एक्सटीएक्स५०चा उणेपणाच मानायला हवा. एवढी काळजी घेऊन स्प्रिंगची कोठडी बंद केली आणि जास्त धोक्याचं दार डाइव्हरच्या आठवणीवर सोडलं.

आता टब. डाइव्ह सेंटरवर निळ्या पिंपात किंवा मोठ्या टबात सगळ्यांचे सेट एकत्र बुडवतात. साधा हिशेब करा. टबात १०० लिटर गोडं पाणी, दहा जणांचे सेट, आणि प्रत्येकाच्या सूट, बूट, बीसीडीबरोबर (तरंगणं सांभाळायचं हवा भरलेलं जाकीट) दीड लिटर समुद्राचं पाणी आलं असं धरा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. १५ लिटर म्हणजे सव्वापाचशे ग्रॅम. टबातलं पाणी समुद्राच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकं खारं झालं. अशा पाण्यात बुडवून सुकवलेल्या रेग्युलेटरवर मिठाचा थर पातळ बसतो, पण बसतोच. रेग्युलेटर आणि कॅमेऱ्यासाठी निराळी बादली हवी, तिच्यात सूट बुडवायचा नाही, आणि शेवटचं पाणी वाहतं हवं. सेंटर निवडताना भिंतीवरच्या प्रमाणपत्रांबरोबर टबातल्या पाण्याची एक बोटभर चवही घेऊन पाहावी.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं हे कोकणात कुणाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये असं पाणी "गोडं" म्हणून टबात भरलं तर निम्मी मेहनत वाया जाते. चव घेऊन मचूळ लागलं तर पहिलं भिजवणं त्यात करा, शेवटचा हात नळाच्या किंवा विकतच्या पाण्याचा. एका सेटला शेवटी पाच-सहा लिटर गोडं पाणी पुरतं.

भिजवायचं किती वेळ? निदान अर्धा तास, आणि पाणी एकदा बदलून. कोमट पाणी चांगलं, हाताला सहज सोसेल इतकंच. मीठ गार पाण्यातही जवळपास तेवढंच विरघळतं. कोमट पाण्याचा फायदा असा की ते फटींत लवकर झिरपतं आणि ग्रीसला चिकटलेला मळ सुटतो. उकळतं पाणी नको. किनाऱ्यावर गोडं पाणी मिळणारच नसेल तर सेट उन्हात सुकवू नका. ओल्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवा आणि घरी जाऊन धुवा. ओलं मीठ पाण्याबरोबर निघून जातं. एकदा त्याचे खडे झाले की ते ओ-रिंगच्या खाचेतून सुटायला तास लागतात, आणि हिरवट-पांढरे क्षार धरले की नुसत्या पाण्याने सुटतच नाहीत. ते मग तंत्रज्ञाच्या सौम्य आम्लात आणि अल्ट्रासॉनिक भांड्यातच निघतात.

सर्वांत निर्धोक पद्धत म्हणजे सेट सिलिंडरला जोडून, हवा सुरू ठेवून धुणं. आत दाब असेल तर पाणी शिरायला जागाच राहत नाही. सिलिंडर आडवा ठेवून त्याची मान टबावर आणा, दोन्ही सेकंड स्टेज (मुख्य आणि राखीव) पाण्यात सोडा, फर्स्ट स्टेजवर मगाने पाणी ओता. या अवस्थेत पर्ज हवा तितका दाबा, वाळू उडून जाते. त्यानंतर सांधा पुसूनच काढा. घरी सिलिंडर नसतो, तेव्हा पुढचं नीट वाचा, कारण तिसरी वाट इथेच उघडते.

दाब नसलेल्या सेकंड स्टेजचं पर्ज बटण पाण्यात दाबायचं नाही. दाबलं की झडप उघडते, पाणी होजमध्ये उतरतं आणि होज उंच धरला की थेट फर्स्ट स्टेजच्या पोटात. डस्ट कॅप कितीही घट्ट असली तरी हे पाणी मागच्या दाराने आलेलं असतं. टबात दुसऱ्याचं सामान वर पडून बटण आपोआप दाबलं जातं, हे आणखी एक कारण रेग्युलेटरची बादली निराळी ठेवायचं. फर्स्ट स्टेज सेकंड स्टेजपेक्षा उंच राहील असं टांगून भिजवलं तर चुकून झडप उघडली तरी पाणी वर चढत नाही.

एक्सटीएक्स५०च्या गुंडीचा उपयोग इथे होतो. भिजवण्याआधी ती घड्याळाच्या दिशेने पूर्ण आत फिरवा. स्प्रिंगचा जोर वाढतो आणि सीट झडपेच्या तोंडावर घट्ट बसते. भिजवून झालं, पाणी झटकलं, की वाहत्या पाण्याखाली गुंडी पूर्ण बाहेर आणि पुन्हा आत अशी चार-पाच वेळा फिरवा. गुंडीच्या दांड्याभोवती मीठ धरतं आणि ती हळूहळू जड होत जाते, हा या मॉडेलचा नेहमीचा त्रास. पकडीने फिरवायचा मोह होतो. गुंडी प्लास्टिकची आहे, ती तुटेल. तास-दोन तास कोमट पाण्यात ठेवा, सुटत नसेल तर तंत्रज्ञाकडे द्या. ठेवताना मात्र गुंडी उलट, पूर्ण बाहेर फिरवून ठेवायची, म्हणजे महिनोन् महिने सीटवर तोंडाची धार दाबून राहत नाही. अटॉमिकच्या रेग्युलेटरमध्ये दाब गेला की हे तोंड आपणहून मागे सरकतं. एक्सटीएक्स५०मध्ये ते काम आपल्या हाताचं.

माउथपीसमधून नळाची हलकी धार आत सोडा, ती खालच्या एक्झॉस्टच्या टीमधून (उच्छ्वास बाहेर जायची दुतोंडी नळी) बाहेर पडू द्या. सेकंड स्टेज डावी-उजवी हलवा. व्हेंचुरी कळ दोन्हीकडे फिरवा, तिच्या पात्यामागे वाळू बसते. गाड्या धुवायच्या प्रेशर पंपाची धार कधीही मारू नका. ती वाळूला एक्झॉस्टच्या पातळ रबरी पाकळीखाली ढकलते. त्या पाकळीखाली एक केस अडकला तरी पुढच्या डाइव्हला प्रत्येक श्वासाबरोबर घोटभर पाणी येतं. होज जिथे सेकंड स्टेजला मिळतो तिथे एपेक्सने पंख्यासारख्या धातूच्या कडा ठेवल्या आहेत. थंड पाण्यात त्या सभोवतालच्या पाण्याची ऊब झडपेपर्यंत नेतात. आपल्या पाण्यात त्यांचा फायदा शून्य, आणि त्यांच्या खाचांत शेवाळ-गाळ मात्र साठतो. दात घासायचा जुना मऊ ब्रश तिथे फिरवा.

ऑक्टोपसला, म्हणजे राखीव सेकंड स्टेजला, कुणी विचारत नाही. तो खाली लोंबतो, वाळूत घासतो, आणि अडचणीच्या वेळी नेमका तोच लागतो. मुख्य सेकंड स्टेजला जे केलं ते सगळं त्यालाही. होजवरची रबरी आवरणं मागे सरकवा. त्यांच्याखाली ओल राहते आणि चिमटलेली धातूची टोपी गंजते. गेजच्या फिरत्या सांध्यात दोन चिमुकल्या ओ-रिंग असतात. पाण्याखाली तिथून मोत्यांच्या माळेसारखे बुडबुडे येत असतील तर धोका मोठा नाही, पण मीठ पोचलं आहे एवढं कळतं. इन्फ्लेटर होजच्या (बीसीडीत हवा नेणारा) टोकाचा कपलर पाण्यात चार वेळा मागे-पुढे सरकवा, आतली बारीक झडप मात्र दाबू नका. वेणीदार होजांबद्दल एक सावधगिरी: अशा काही होजांचं आतलं अस्तर उष्ण-दमट हवेत झिजून त्यात पिवळसर खडे धरतात आणि हवेची वाट तुंबवतात, हे जगभरातल्या गरम भागांत आढळलेलं आहे. बाहेरून होज नवा दिसतो. रबरी होज जड असले तरी कोकणासाठी आम्ही तेच सुचवू, नाहीतर वेणीदार होज ठरावीक वर्षांनी बदलून टाकावेत.

पोहण्याच्या तलावातला सराव निरुपद्रवी वाटतो. क्लोरीन रबर आणि सिलिकॉनला मिठापेक्षा लवकर कडक करतं. तलावातून आल्यावरही हीच सगळी धुलाई.

वाळवणं सावलीत, वाऱ्यावर. फर्स्ट स्टेज रुंद हँगरवर टेकवून होज सरळ खाली सोडा. खिळ्याला अडकवून होज मुडपू नका. उन्हातल्या गाडीच्या डिकीत अजिबात नको. जनरेटर, पंप, वेल्डिंग यांच्याजवळही नको. विजेच्या ठिणगीतून होणारा ओझोन रबराला चिरा पाडतो. सिलिकॉन स्प्रे आणि गंज सोडवणारे डब्यातले स्प्रे रेग्युलेटरवर मारू नयेत. ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनचं मिश्रण वापरणाऱ्यांच्या सेटमध्ये साधं सिलिकॉन ग्रीससुद्धा चालत नाही. ऑक्सिजनला चालणारं ख्रिस्टोल्यूबसारखं ग्रीसच लागतं.

पावसाळ्याचं निराळं प्रकरण आहे. किनाऱ्यावरचं डाइव्हिंग जून ते ऑगस्ट बंद, म्हणजे सेट तीन-चार महिने दमट हवेत पडून. पूर्ण सुकलेला, गुंडी बाहेर फिरवलेला, होज मोठ्या वेटोळ्यात, डस्ट कॅप लावलेला सेट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि दर पंधरवड्याला उघडून वारा द्या. पुड्या ओल्या झाल्या की बदला. माउथपीसवर स्वच्छ कापड बांधा. हे हवेसाठी कमी, झुरळांसाठी जास्त. एक्झॉस्टची टी आणि माउथपीस ही त्यांची आवडती जागा. बुरशीचे काळे ठिपके धरलेलं माउथपीस घासत बसू नका, नवं बसवा. तो सगळ्या सेटमधला सर्वांत स्वस्त भाग आहे. त्याचा प्लास्टिकचा पट्टा नीट आवळलाय का ते दरवेळी ओढून पाहा.

धुणं जमलं की नाही हे घरच्या घरी तपासता येतं. डस्ट कॅप लावलेली असताना माउथपीस तोंडात धरून जोरात हवा ओढा. काहीच यायला नको, ओढ टिकून राहायला हवी. हवा झिरपली तर एक्झॉस्टखाली कचरा, माउथपीसला भोक किंवा पडदा फाटलेला. सिलिंडर जोडून दुसरी परीक्षा: व्हेंचुरी कळ उण्यावर, गुंडी बाहेर, सेकंड स्टेज माउथपीस वर राहील अशी बादलीत हळूहळू बुडवा. पडदा पाण्याखाली साधारण अडीच ते चार सेंटिमीटर गेला की हवा सुटली पाहिजे. आधीच सुटली तर झडप फार हलकी किंवा गळकी, बरीच उशिरा सुटली तर जड.

तिसरी परीक्षा सर्वांत कामाची. इन्फ्लेटर होजला लागणारा मधल्या दाबाचा गेज स्वस्तात मिळतो, प्रत्येक सेंटरवर असायलाच हवा. भरलेल्या सिलिंडरवर काटा ९ ते १० बारच्या दरम्यान कुठेतरी थांबतो. पर्ज दोन-चार वेळा दाबा. काटा खाली जाऊन झटकन त्याच जागी यावा. मग पाच-दहा मिनिटं तसंच ठेवा. पाव बारपर्यंत सरकला तर ठीक. चढतच राहिला तर सीटवर खाच पडली आहे. ही तपासणी करताना निदान एक सेकंड स्टेज जोडलेली असू द्या. दाब फार चढला तर तिचीच झडप उघडून जास्तीची हवा बाहेर सोडते.

फिल्टरचा रंगही बोलतो. हिरवा म्हणजे तोंडातून पाणी गेलं. तांबूस म्हणजे स्टीलच्या सिलिंडरातला गंज. पांढरी भुकटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरातली ओल, आपल्याकडे ११.१ लिटरचे अ‍ॅल्युमिनियमचेच सिलिंडर जास्त, त्यामुळे ही बरीच दिसते. काळा म्हणजे कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा उडतो आहे, आणि तेव्हा प्रश्न रेग्युलेटरचा नसून तुम्ही श्वासात घेत असलेल्या हवेचा असतो.

सर्व्हिसची कंपनीची शिफारस दोन वर्षांनी पूर्ण, मधल्या वर्षी तपासणी. डाइव्ह सेंटरच्या सेटला हे पुरत नाही. त्यांनी दरवर्षी उघडावा. सुटे भाग बहुधा बाहेरून मागवावे लागतात आणि वेळ लागतो, म्हणून किट मार्च-एप्रिलमध्ये मागवून काम जून-जुलैत करून घ्यावं. सप्टेंबरअखेरीस तंत्रज्ञाच्या टेबलावर रांग असते. एपेक्सचे भाग आणि शिकलेले हात मिळतात, पण तुमच्या तंत्रज्ञाने नेमक्या याच ब्रँडचं प्रशिक्षण घेतलंय का ते विचारून मगच रेग्युलेटर निवडा. चांगला तंत्रज्ञ जुनी सीट आणि जुन्या ओ-रिंग पुडीत घालून परत देतो. त्या नक्की मागा आणि सीटवरची खाच भिंगातून बघा; वर्षभर कसं धुतलं ते तिथे लिहिलेलं असतं.

दुसरे पर्याय? स्कूबाप्रोचा एमके२५ इव्हो हवेच्या प्रवाहात फारच दणकट, पण पिस्टनची कोठडी पाण्याला उघडी. तो घेणाऱ्याने भिजवण्याचा वेळ दुप्पट धरावा आणि पाण्यात असताना फर्स्ट स्टेज हलवत राहावी, म्हणजे भोकांतून पाणी खेळतं. त्याच कंपनीचा एमके२ इव्हो स्वस्त, भाग मोजकेच, उघडायला सोपा. सिलिंडर रिकामा होत आला की श्वास थोडा जड होतो एवढंच. वर्षाला दहा-बारा डाइव्ह करणाऱ्या आणि नेमाने धुणाऱ्या माणसाला तो पुरेसा आहे. त्याने एक्सटीएक्स५०वर पैसे घालू नयेत. स्कूबाप्रोचाच बंदिस्त पडद्याचा एमके१७ इव्हो हा एक्सटीएक्स५०चा खरा प्रतिस्पर्धी. दोघांत निवड करायची तर जवळचा तंत्रज्ञ कोणता ब्रँड उघडतो यावर करा.

एक्सटीएक्स५०मध्येही डीएस४ की डीएसटी हे विचारतात. डीएसटीचं डोकं फिरतं, होज सोयीने वळतात. पण फिरणारा सांधा म्हणजे मीठ धरायला आणखी एक फट आणि आणखी एक ओ-रिंग. एकच सिलिंडर पाठीवर घेणाऱ्याला डीएस४चं न फिरणारं डोकं पुरतं. भाड्याच्या सेटसाठी तर तेच. डीएसटी घेतलीच तर धुताना डोकं दोन्हीकडे फिरवा.

आणि क्रोमवर लक्ष असू द्या. आत पितळ आहे. यूकच्या कडेला, डाइव्हरच्या बोटीतल्या आदळआपटीत क्रोमचा टवका उडतो, तिथे आधी तांबूस आणि मग हिरवा डाग येतो. डाग वरवरचा असेल तर धुणं वाढवा. तोंडाच्या आतल्या कडेवर, जिथे सिलिंडरची ओ-रिंग टेकते तिथे तो आला असेल, तर ती फर्स्ट स्टेज पावसाळ्याची वाट न पाहता उघडून घ्या.